जिनिव्हात जागा न मिळालेल्यांचं गाव

माझा भाचा नोकरी करतो स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाला, आणि राहतो फ्रान्समध्ये, आन्सीला. मध्ये चाळीसेक किलोमीटर आणि एक सीमा. फोनवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "अबे, मग जिनिव्हातच का नाही राहून राहिला?" तो हसला आणि तिथल्या एका खोलीच्या भाड्याचा आकडा त्यानं सांगितला. मी तो मनातल्या मनात रुपयांत करून पाहिला आणि हवापाण्याच्या गप्पांकडे वळलो.

आन्सी हे नाव तेव्हा नुसतं कानावरून गेलं. डोक्यात शिरलं ते पुढे व्हिसाचा अर्ज भरताना, स्पेलिंग डोळ्यांसमोर आलं तेव्हा. हे स्पेलिंग आपण कुठेतरी वाचलंय! कुठे, तर शाळेच्या कुठल्याशा जुन्या स्मरणिकेत. नागपूरच्या सदरमधली आमची एस.एफ.एस., म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स. शाळेचे पहिले फादर ज्या गावाहून आले ते हे गाव. आम्ही पोरं ते 'अनेसी' असं वाचायचो. संताचीही आम्ही तीच गत केली होती. 'डी सेल्स' म्हणजे दिवाळीच्या सेलसारखं काहीतरी असावं, असं निदान चौथीपर्यंत मी धरून चाललो होतो. दरवर्षी 24 जानेवारीला त्याचा सण यायचा, प्रार्थना लांबायची, तास बुडायचे. त्यापलीकडे त्याचं आमचं देणंघेणं नव्हतं.

म्हणून मग भाच्याकडे आठ दिवस राहायला निघालो ते अर्धं त्याला भेटायला आणि अर्धं या राहून गेलेल्या उधारीसाठी.

ऑक्टोबर होता. जुन्या गावातल्या खांबांवर अजून गाईंची पोस्टरं लटकत होती. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी डोंगरावरच्या कुरणांतून खाली उतरणारी गुरं फुलं आणि मोठमोठ्या घंटा घालून गावातून मिरवतात. म्हणजे आपला पोळाच, फक्त बैलांऐवजी गाईंचा. मी एका आठवड्यानं चुकलो. हळहळ वाटली ती आजतागायत आहे.

पहिल्या दिवशी भाचा सकाळी अंधारातच डबा घेऊन गेला. "सातपर्यंत येतो मामा, मग गाव दाखवतो." सात वाजले, साडेसात झाले. त्याचा मेसेज आला: बस चुकली, पुढची उशिरा आहे. मी स्वेटर चढवला आणि एकटाच बाहेर पडलो.

आन्सीच्या जुन्या गावाचं जे चित्र सगळीकडे छापून येतं ते मी सोबतच घेऊन आलो होतो. नदीच्या मधोमध जहाजाच्या नाळेसारखं टोक काढून उभी असलेली दगडी इमारत, दोन्ही बाजूंनी पाणी, काठावर जिरेनियमच्या कुंड्या, मागे गुलाबी-पिवळी घरं. ती इमारत म्हणजे पॅले द लील, बाराव्या शतकातली. नावात राजवाडा आहे, पण इतकी वर्षं तिथे काय होतं म्हणाल तर कोर्टकचेरी, टांकसाळ आणि मुख्य म्हणजे तुरुंग. दुसऱ्या महायुद्धातसुद्धा तिथे माणसं कोंडली होती. आज समोरच्या पुलावर लोक रांग लावून पाठमोरे होतात आणि फोटो काढून घेतात. कैद्यांच्या खिडक्या बरोबर त्यांच्या डोक्यावर येतात.

संध्याकाळी मात्र पुलावर कोणी नव्हतं. सँत क्लेअर रस्त्यावर दोन्हीकडे कमानींखालून चालता येतं. कमानी बुटक्या, खांब जाडजूड. पाऊस-बर्फात गिऱ्हाईक कोरडं राहावं ही त्यामागची साधी व्यापारी अक्कल. दुकानं बंद होत होती, खुर्च्या एकात एक घालून साखळीनं बांधल्या जात होत्या. मी त्यू नदीच्या कठड्याला टेकलो आणि खाली पाहिलं.

तळाशी एक चमचा पडला होता. काठावरच्या कुठल्यातरी कॅफेतून निसटलेला, कॉफीचा छोटा चमचा. वरून दिव्याचा उजेड पडत होता आणि पाणी वाहतं असूनही मला चमच्याच्या दांड्यावरची नक्षी दिसत होती. शेजारची पाणवनस्पती एकाच दिशेला, विंचरल्यासारखी आडवी झाली होती. चमचा तेवढा हलत नव्हता. गावाच्या मधोमध, घरांच्या भिंती धूत जाणारं पाणी, आणि त्यात चमच्याची नक्षी दिसते! मी नागपूरचा माणूस आहे. आमच्या गावाचं नावच नदीवरून पडलं असं म्हणतात आणि त्या नाग नदीच्या पुलावरून जाताना आम्ही स्कूटरचा वेग वाढवतो.

'परदेशातलं सगळं स्वच्छच' असं म्हणून मी ते सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी भाच्यानं सांगितलं ते वेगळंच निघालं. हे पाणी मुळातलं असं नाही. त्यू जेमतेम साडेतीन किलोमीटरची नदी. सरोवरातून निघते, गावातून जाते आणि पुढच्या नदीला मिळते. पण त्या एवढ्याशा अंतरात तिनं शतकानुशतकं गिरण्या फिरवल्या, लोहारांचे भाते आणि घण चालवले, चांभारांची कातडी धुतली, एकोणिसाव्या शतकात तर कापसाची गिरणीही पोसली. आज जिथे लोक आइस्क्रीम खात फिरतात तिथे नाकाला रुमाल लावावा लागत असणार. सरोवराचीही तीच कथा. काठावर हॉटेलं आणि बंगले वाढले आणि सगळ्यांचं सांडपाणी सरळ सरोवरात. 1940-50 च्या सुमारास पाणी गढुळायला लागलं, मासे कमी व्हायला लागले. पॉल सेर्वेताझ नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना पाण्यात बुडी मारायचा नाद. खाली जाऊन त्यांनी जे पाहिलं ते वर येऊन सांगायला सुरुवात केली, आणि सांगतच राहिले. शेवटी 1957 मध्ये महापौर शार्ल बोसाँ यांच्या पुढाकारानं काठावरच्या गावांनी मिळून एक मंडळ काढलं आणि ठरवलं की सरोवराभोवती गोल गटारनळ टाकायचा. प्रत्येक घराचं, प्रत्येक हॉटेलचं पाणी त्या नळात, तिथून शुद्धीकरण केंद्रात, आणि मग सरोवराच्या खालच्या अंगाला सोडायचं. सरोवरात थेंबही नाही. हा नळ पुरा व्हायला वर्षानुवर्षं गेली. रस्ते खणले, पैसे लागले, आणि जमिनीखाली गाडलेल्या नळासमोर उभं राहून कुठल्याच पुढाऱ्याला फीत कापता येत नाही. तरी त्यांनी ते केलं. आज गावाचं प्यायचं पाणी याच सरोवरातून येतं.

मी विचारलं, त्या डॉक्टरांचं नाव इथे कुठे आहे का? भाचा म्हणाला, "मामा, तू नळाला येणारं पाणी पिऊन राहिला ना सकाळपासून?" पोरगं परदेशात राहून जरा जास्तच चुरचुरीत बोलायला लागलंय. पण मुद्दा बरोबर होता.

आता या गावाबद्दलची जी गोष्ट मला सगळ्यात आवडली ती सांगतो. टेकडीवर किल्ला आहे. तो जिनिव्हाच्या काउंटांचा, म्हणजे तिथल्या सरदार घराण्याचा. जिनिव्हाचे काउंट, मग किल्ला आन्सीत कसा? तर जिनिव्हात त्यांचं तिथल्या बिशपशी पटेना. सत्ता कोणाची यावरून बरीच भांडणं झाली आणि तेराव्या शतकात बिशपची सरशी होऊन काउंटांना बिऱ्हाड इकडे हलवावं लागलं. त्यातल्याच एका घरात 1342 मध्ये जन्मलेला रोबेर पुढे क्लेमेंट सातवा या नावानं आव्हिन्यों इथे पोपच्या गादीवर बसला. रोमच्या खऱ्या पोपच्या विरोधात, हे वेगळं सांगायला नको. घराण्याचा स्वभावच तो.

पुढे सोळाव्या शतकात जिनिव्हात धर्मसुधारणेचं वारं शिरलं. शहर प्रोटेस्टंट झालं आणि कॅथलिक बिशपला बाहेरचा रस्ता दाखवला. बिशप कुठे आला? आन्सीला! ज्या बिशपांनी काउंटांना हाकललं, त्यांचेच वारस बोचकं उचलून काउंटांच्या गावात दाखल झाले. नागपुरी भाषेत याला 'गोल फिरून तिथेच' म्हणतात. अडीचशेहून अधिक वर्षं हे लोक स्वतःला जिनिव्हाचे बिशप म्हणवत राहिले आणि राहत राहिले आन्सीत. गल्लीत उभं राहून मान वर केली तरच पूर्ण दिसतं ते साधंसं कॅथीड्रल सेंट पीटरच्या नावाचं आहे. जिनिव्हातलं त्यांचं हातचं गेलेलं कॅथीड्रलही सेंट पीटरचंच. पाकिस्तानातून आलेल्या सिंधी मंडळींनी आपल्याकडे दुकानाला मागच्या गावाचं नाव द्यावं, तसं मला ते वाटलं.

आमचा सेल्स तो याच रांगेतला. फ्राँस्वा द साल, असा इथला उच्चार. जन्म 1567, जवळच्याच तोराँ गावात. 1602 मध्ये तो जिनिव्हाचा बिशप झाला आणि 1622 मध्ये वारला. मधल्या वीस वर्षांत स्वतःच्या कॅथीड्रलमध्ये एकदाही गादीवर बसला नाही, कारण ते त्याच्या ताब्यातच नव्हतं. बिशप व्हायच्या आधी एकदा गुपचूप जिनिव्हात शिरून तो प्रोटेस्टंट पुढारी कॅल्विनच्या जागी आलेल्या थिओडोर बेझाशी वाद घालून आला होता म्हणे. दोघांपैकी कोणाचंच मत बदललं नाही. तरुणपणी जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठच्या प्रोटेस्टंट मुलखात त्याला पाठवलं, तेव्हा त्याचं प्रवचन ऐकायला कोणी येईना. मग यानं आपलं म्हणणं कागदावर लिहून काढलं, प्रती केल्या आणि रात्रीबेरात्री लोकांच्या दाराखालून आत सरकवल्या. त्याच कारणानं कॅथलिक चर्चनं 1923 मध्ये त्याला लेखक-पत्रकारांचा पालक-संत ठरवलं. हे वाचलं आणि मी चाटच पडलो. कोणी मागितलेलं नसताना लोकांच्या दारात आपली मतं सरकवणारा माणूस! आमच्या सगळ्या लिहित्या मंडळींचा हा खरोखरच आद्य पुरुष. आणि शाळेत त्याच्या नावाखाली दहा वर्षं काढून मला याचा पत्ता नव्हता.

रांग इथेही संपत नाही. मार्च 1728. जिनिव्हाचा एक सोळाही न भरलेला पोरगा, कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करणारा, रविवारी मित्रांबरोबर शहराबाहेर भटकायला गेला आणि परत येईपर्यंत वेशीचे दरवाजे बंद झाले. आधी दोनदा असं झालं होतं आणि मालकाचा मार बसला होता. या वेळी तो परत फिरलाच नाही. भटकत भटकत, एका पाद्र्याच्या चिठ्ठीवर आन्सीला पोचला, आणि इथे एका चर्चच्या मागच्या बोळात त्याला मादाम द वारन्स भेटली. तीही स्वतः दोन वर्षांपूर्वी घर आणि धर्म सोडून पलीकडून आलेली. पोराचं आयुष्य तिथे वळलं. तो रूसो, पुढे जगभर गाजलेला विचारवंत. म्हातारपणी त्यानं लिहून ठेवलं की या जागेला सोन्याचा कठडा घालावा असं वाटतं. गावानं 1928 मध्ये, दोनशे वर्षं झाल्यावर, खरंच तिथे सोनेरी कठडा घातला. मी तो शोधत गेलो. एका शांत अंगणात छोटासा कारंजा, भोवती बुटका कठडा, वर रूसोचा अर्धपुतळा. बाकावर एक बाई फोनवर कोणाला तरी रागवत होती. तिला मी तिथून उठावं असं वाटत होतं आणि मला तिनं.

म्हणजे पाहा. आधी काउंट, मग बिशप, मग रूसो. आणि आता आमचा भाचा, बस चुकली म्हणून फलाटावर सँडविच खात बसलेला. त्याच्यासारखे हजारो आहेत. पगार फ्रँकमध्ये, बिऱ्हाड फ्रान्समध्ये. त्यांच्यामुळे आमच्या गावातली भाडी वाढली, अशी इथल्या जुन्या रहिवाशांची कुरकुर असते, आणि ती खोटी नाही. त्या रात्री तो साडेनऊला घरी आला. मी मुगाची खिचडी केली होती. खाता खाता त्याला रूसोच्या वेशीच्या दरवाजांची गोष्ट सांगितली. म्हणाला, "त्याला निदान मादाम भेटली. मला खिचडी."

शुक्रवारी जुन्या गावात बाजार भरतो. मंगळवारी आणि रविवारीही. कमानींसमोर दोन्ही बाजूंनी पाल लागतात आणि सगळ्या गल्लीला चीजचा वास येतो. वास म्हणजे काय वर्णावा? ओलं गवत, तळघर, आणि गोठ्याच्या दारात उभं राहिल्यावर जो येतो तो. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी एका ठेल्यासमोर थांबलो.

बाई साठीच्या असाव्यात. हात लालसर, नखं बारीक कापलेली. भाचा दुभाषा. त्यांनी एक चपटी गोल चकती उचलली, सोनेरी-केशरी सालीची, वर पांढरट भुकटी. अंगठ्यानं मधोमध हलकेच दाबली आणि मलाही दाबायला लावली. पिकलेल्या हापूसची देठाजवळची बाजू दाबावी तशी दबली. हे रब्लोशाँ. मग त्यांनी चकती उलटी करून सालीत रुतलेली एक हिरवी टिकली दाखवली. हिरवी म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या गाईंच्या दुधाचं, त्याच्याच घरी केलेलं. लाल असली तर दूध अनेकांकडून गोळा करून डेअरीत केलेलं. लालवालं शेजारच्या ठेल्यावर होतं आणि स्वस्त होतं, हेही त्यांनी ओठ मुडपून सांगितलं.

नावाची गोष्ट त्याहून झकास. इथल्या बोलीत 'रब्लोशे' म्हणजे पुन्हा पिळणं. पूर्वी कुरणं मठांची आणि जमीनदारांची, खंड ठरायचा गाई किती दूध देतात त्यावर. मोजायला माणूस आला की गवळी गाय अर्धवटच पिळायचे. माणूस गेला की दुसऱ्यांदा धार काढायची. हे दुसरं दूध थोडं पण साईसारखं दाट, आणि त्याचं हे चीज. म्हणजे आज ज्याला सरकारी मानांकन आहे, 1958 पासून, ते मुळात खंडचुकवेगिरीचं उत्पादन! मी बाईंना विचारायला सांगितलं, की दूध मोजणाऱ्याला हे कधी कळलं नसेल का? त्यांनी खांदे उडवले आणि काहीतरी बोलल्या. भाच्यानं भाषांतर केलं: "त्यालाही चीज आवडत असेल."

त्याच दिवशी दुपारी जेवायला गेलो आणि फसलो. तार्तिफ्लेत म्हणून एक पदार्थ आहे. बटाटे, कांदा, वर हे रब्लोशाँ वितळवलेलं. लोक त्याला सॅव्हॉयची, म्हणजे या मुलखाची, प्राचीन परंपरा समजून खातात, पण तो या नावानं प्रसिद्ध झाला 1980 च्या दशकात, चीज खपावं म्हणून. त्यात डुकराच्या मांसाचे तुकडेही असतात. आम्ही बजावून सांगितलं, मांस नको. हो म्हणाले. ताट आलं. सुरेख सोनेरी. तिसऱ्या घासाला दाताखाली आलंच. वेटरला बोलावलं तर तो म्हणाला, काढून टाकलेत की, एखादा राहिला असेल. उरलेलं ताट भाच्यानं संपवलं. मी पाव खाल्ला. घरी येऊन आणलेली चकती भाकरीवर घालून तव्यावर ठेवली. ज्वारीचं पीठ मी नागपूरहून नेलं होतं, कारण मी माझा स्वभाव ओळखतो. भाकरीच्या खरपूस पापुद्र्यात ते चीज मुरलं तेव्हा डोळे मिटले गेले. वर ठेचा. हे मी कुठल्याही फ्रेंच माणसासमोर बोलणार नाही.

शेवटच्या दिवशी टेकडी चढून व्हिजिटेशन बॅसिलिकात गेलो. इमारत विसाव्या शतकातली, मोठी, राखाडी, माझ्या डोळ्यांना फारशी भावली नाही. आत आमच्या सेल्सची समाधी. शेजारी जान द शांताल, जिच्याबरोबर त्यानं 1610 मध्ये इथे बायकांचा संघ काढला. काचेत, ब्राँझमध्ये, झगा घालून आडवा पडलेला. कपाळ मोठं, दाढी. शाळेतल्या तसबिरीत होती तशीच दाढी.

मी बाकावर टेकलो. त्याच्या नावाचा मिशनऱ्यांचा संघ पिएर मर्मिए नावाच्या पाद्र्यानं इथेच काढला, 1838 मध्ये. 1845 मध्ये त्यातली पहिली तुकडी हिंदुस्थानला निघाली, विशाखापट्टणमच्या मुलखात, आणि त्या मुलखाचा पसारा पार नागपूर-कामठीपर्यंत होता. तेव्हा ते फ्रेंचही नव्हते. सॅव्हॉय सार्डिनियाच्या राजाचं होतं, फ्रान्सला मिळालं 1860 मध्ये. आणि नागपूर भोसल्यांचं होतं, इंग्रजांनी खालसा केलं 1854 मध्ये. दोन्हीकडची राज्यं गेली आणि ही माणसं मधल्या मध्ये. नागपूरला रेल्वे आली 1867 मध्ये, म्हणजे आधीची सगळी ये-जा बैलगाडीनं नाहीतर घोड्यावर. या सरोवराकाठी वाढलेल्या पोरांनी नागपूरचा मे महिना कसा काढला असेल? आमची शाळा 1870 ची. अनोळखी लिपी, अनोळखी ऊन, आणि वर्गात माझ्यासारखी, सेल्स म्हणजे सेल समजणारी पोरं. त्यातले किती जण परत आले आणि किती तिकडेच मातीत गेले, हे विचारायला तिथे कोणी नव्हतं. एक सिस्टर फुलदाण्यांतलं पाणी बदलत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, मीही हलवली.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. खाली सगळं जुनं गाव, छपरं, किल्ला, आणि त्यापलीकडे निळं सरोवर. समाधीचा फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली सगळं सविस्तर लिहिलं: हा आपला सेल्स, जिनिव्हाचा बिशप असून जन्मात जिनिव्हा न मिळालेला, लोकांच्या दाराखालून चिठ्ठ्या टाकणारा. नागपुरात रात्रीचे साडेनऊ झाले असतील. दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं, मागच्या बाकावर बसायचा त्याचं.

"म्हणजे उद्या सुट्टी का बे?"